मुतखडेवाल्या इंदुबाईंच्या घरचा मुतखडा

मोरिवलीत शिरून कोणालाही "कंबर धरून आलोय" एवढं सांगितलं तरी पुरतं. समोरचा पुढचं काही विचारत नाही, नुसता हात करतो. "टाकीपाशी डावीकडं वळा. ओट्यावर पानफुटीच्या कुंड्या दिसल्या की तेच इंदुबाईंचं घर."

एमआयडीसीतल्या माणसाला मुतखडा होणार नाही तर काय होणार? भट्टीपुढं दिवस काढायचा, पाणी प्यायला वेळ नाही, आणि प्यायलं तर मुतारीला जायला वेळ नाही. मग एक दिवस गडी शिफ्ट सुटायच्या आत पोट धरून आडवा होतो आणि सोबतचे त्याला रिक्षात कोंबून थेट इंदुबाईंच्या ओट्यावर आणून सोडतात.

इंदुबाई मूळच्या पोलादपूरकडच्या. नवरा इथं कंपनीत लागला म्हणून आल्या आणि तो गेल्यावरही इथंच राहिल्या. कुळथाचं कढण त्या माहेराहून शिकून आलेल्या. भिजवलेले कुळीथ उकळायचे, त्याचं पाणी गाळून गरमगरम प्यायला द्यायचं, वर चावायला पानफुटीचं पान. आणि हे झालं की तांब्यावर तांब्या साधं पाणी, तेही त्यांच्या डोळ्यांदेखत. "पी. आजून पी. पान्यानं मरतोस का काय?" कोणी कुरकुरला तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. खडा पडला की कागदाच्या पुडीतून आणून दाखवायचा, एवढी एकच अट. इंदुबाई तो तळहातावर घेऊन निरखायच्या आणि "बारीक हाय" म्हणून परत द्यायच्या. सदू रिक्षावाल्याच्या खड्याला तेवढ्या त्या "बरा हाय" म्हणाल्या होत्या, आणि सदू ते आजही पाहुण्यारावळ्यांना सांगतो.

तर अशा या बाई. आवाज भोंग्यासारखा, मन मोठं, आणि नाकावर कीर्तीची माशीसुद्धा बसू न देणाऱ्या असं त्या स्वतःला म्हणायच्या. खोटं कशाला बोला, कीर्ती त्यांना फार आवडायची. रस्त्यानं जाताना एखादा हेल्मेटवाला गाडी थांबवून "मावशी, परत दुखलं नाही हां" म्हणाला, की त्या दिवशी भाजीत मीठ कमी पडलं तरी इंदुबाई कोणावर ओरडत नसत.

त्यांच्या पायाशी कायम भिंगरी कुत्री. अर्धी गावठी, अर्धी कुठल्यातरी बंगल्यातल्या पांढऱ्या झुबकेदार जातीची. घरात मुलगा जितेश होता, सून स्वप्नाली होती, पण एक शिफ्टला आणि एक ऑफिसला. इंदुबाईंचं बोलणं ऐकायला त्या दोघांना वेळ नव्हता. भिंगरीला होता. पोलादपूरच्या भावकीतली सगळी भांडणं तिला तोंडपाठ होती, आणि इंदुबाई सांगायच्या तिथं ती बरोबर कान टवकारायची.

ती भिंगरी एक दिवस अंगणात बसली, उठली, दोन पावलं गेली, परत बसली. परत उठली. असं अंगणभर झालं आणि निघालं काय, तर थेंब. तोही लालसर. संध्याकाळी तिनं स्वप्नालीच्या नव्या पायपुसण्यावर कार्यक्रम उरकला आणि स्वतःच लाजून पलंगाखाली गेली.

"आई, हिला डॉक्टरला दाखवूया," स्वप्नाली म्हणाली. "माझ्या ऑफिसातल्या वृंदाच्या डॉगीला सेम झालं होतं. स्टोन निघाला."

"ठोन म्हंजे?"

"मुतखडा."

इंदुबाई हसल्या ते पार खोकला लागेपर्यंत हसल्या. "अगं बये, काखेत कळसा नि गावाला वळसा! आख्खी एमआयडीसी माझ्या ओट्यावर येती, नि मी माझी कुत्री घिऊन डाक्टरकडं जाऊ? लोक श्यान घालतील तोंडात."

झालं. कुळीथ भिजले. कढण झालं. भिंगरीनं ते हुंगलं आणि तोंड फिरवलं, तेव्हा इंदुबाईंनी त्यात सुक्या कोळंबीचे सोडे टाकले. मग मात्र तिनं भांडं चाटून पुसून लख्ख केलं आणि आणखी हवं म्हणून शेपूट हलवली. इंदुबाईंना भरून आलं. इतकी गुणी पेशंट त्यांना आजवर मिळाली नव्हती. पानफुटीचं पान ती खाईना, तर त्यांनी ते उकडलेल्या बोंबलाच्या पोटात भरलं. बोंबील गेला, त्याच्याबरोबर पानही गेलं. दुसऱ्या दिवशी गुण नाही म्हणून पानं वाढवली. माणसाचं औषध कुत्र्याला चालतं का, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. मुतखडा तो मुतखडा, त्याला काय दोन पायांचा आणि चार पायांचा असं असतं?

आणि मग भिंगरीनं ओकायला सुरुवात केली. ओकली, लाळ गाळत राहिली, उभी राहायला गेली तर मागचे पाय लटपटले. इंदुबाईंनी हाक मारली तर नुसती मान उचलून पाहिलं आणि परत टाकली. शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही.

"स्वप्नाले," इंदुबाई म्हणाल्या, आणि तो भोंग्यासारखा आवाज कुठं गेला कोण जाणे, "रिक्षा बघ. पन हितल्या डाक्टरकडं नगं. लांब जाऊ. बदलापूरला."

"आई, इथे जवळ आहे की!"

"जवळ हाय म्हनूनच नगं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुतखडेवालीच्या घरात मुतखडा निघाला नि ती धावली डाक्टरकडं, असं झालं तर मी तोंड कुठं लपवू?"

भांडायला वेळ नव्हता. वृंदाच्या डॉगीची डॉक्टर बदलापूरलाच, मांजर्लीत होती. स्वप्नालीनं मोठी वेताची टोपली काढली, भिंगरीला तीत निजवलं, वर गोधडी घातली. आणि दैव बघा, नाक्यावर उभी होती एकच रिक्षा आणि तीत बसला होता सदू. सदूच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला सांगितलं म्हणजे नगरपालिकेच्या गाडीवर भोंगा लावून सांगितलं.

"मावशी, काय टोपली घेऊन कुठं?"

"मांजर्लीला. भाचीकडं. पापड हायेत."

रिक्षा निघाली. खड्डा आला तशी टोपलीतून बारीक कुईकुई झाली. इंदुबाईंनी जोरात खोकून घेतलं. दुसरा खड्डा, दुसरी कुईकुई, दुसरा खोकला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत. सदूनं आरशातून नुसतं पाहिलं तरी त्या गोधडी सारखी करायच्या. तिसऱ्या खड्ड्याला मात्र भिंगरी, होतं नव्हतं ते बळ एकवटून, भुंकली.

सदूनं रिक्षा हळू केली. "मावशी, एक विचारू? पापड भुंकतात का?"

"गप गाडी चालव!" इंदुबाई ओरडल्या, आणि ओरडता ओरडता रडायलाच लागल्या. मांजर्लीत पोचल्यावर टोपली त्यानंच उचलली आणि दवाखान्यात नेऊन टेबलावर ठेवली.

डॉक्टर हिमानी म्हणजे वयानं इंदुबाईंच्या नातीसारखी. तिनं भिंगरीचं पोट चाचपलं, फोटो काढला आणि काचेवर लावला. पोटात खाली, लघवीच्या पिशवीत, हरभऱ्यासारखे गोल गोल चार-पाच पांढरे ठिपके.

"मुतखडे आहेत," ती म्हणाली. "पण त्यानं अशा उलट्या नाही होत, आणि हिच्या छातीचे ठोके पण वेडेवाकडे पडतायत. काही वेगळं खाल्लं का हिनं? घरातलं, बागेतलं?"

"भात," इंदुबाई म्हणाल्या.

"अजून?"

"भातच."

स्वप्नाली सासूकडं बघत होती. दाराशी सदू उभा होता, जायचं नाव घेत नव्हता. डॉक्टरीण म्हणाली, "मावशी, नक्की कळलं तर औषध नक्की देता येईल. नाहीतर मी अंधारात चाचपडणार."

टेबलावर भिंगरीच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. इंदुबाईंनी ती पदरानं पुसली. एकवार सदूकडं पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "पानफुटी. बोंबलात घालून. लई घातली. मीच घातली."

"पानफुटी! अहो मावशी, ती कुत्र्यांना विषारी असते! थेट हृदयावर जाते!"

मग नुसती धावपळ झाली. सुई, सलाइन, परत ठोके मोजणं. इंदुबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होत्या आणि पोलादपूरच्या झाडून सगळ्या देवांना एकेक करून दम देत होत्या. दुपार कलली तेव्हा भिंगरीनं डोळे उघडून त्यांच्याकडं पाहिलं आणि शेपटीचं टोक हललं. इंदुबाईंनी डॉक्टरणीचे हात धरले.

ठोके ताळ्यावर आले, पण खडे होते तिथंच होते. डॉक्टरणीनं नीट बसवून समजावलं. लघवीत जंतू झाले की अशा प्रकारचे खडे धरतात, माद्यांना जास्त. ते औषधानं आणि एका खास खाण्यानं हळूहळू विरघळू शकतात. सगळेच खडे विरघळणारे नसतात, काही कापून काढावेच लागतात, म्हणून लघवी तपासायची आणि मधूनमधून फोटो काढून बघायचं. औषध बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायचं नाही. खास खाण्याखेरीज दुसरा घास नाही. कढण नाही, बोंबील नाही, बिस्कीट नाही. पाणी भरपूर, आणि बाहेर सोडायचं सारखं. तुंबवून ठेवलं की परत खडा.

"आणि एक," ती म्हणाली. "मादीचं सहसा अडत नाही, पण खडा बारीक होऊन वाटेत बसला आणि लघवी पूर्ण बंद झाली, तर वाट बघायची नाही. तडक यायचं. जिवावरचं असतं ते."

हे शेवटचं वाक्य इंदुबाईंनी मनात गाठ मारून ठेवलं.

घरी आल्यावर जो काही तमाशा सुरू झाला तो मोरिवलीनं आधी पाहिला नव्हता. तपासायला लघवी न्यायची म्हणजे आधी पकडायला हवी. इंदुबाईंनी आमटीचा डाव घेतला आणि पहाटे भिंगरीच्या मागं निघाल्या. भिंगरी बसली की त्या मागून डाव सरकवायच्या. भिंगरी डावाकडं बघायची, इंदुबाईंकडं बघायची, आणि अशा चहाटळ वागण्याचा निषेध म्हणून उठून चालू लागायची. गल्लीभर ही मिरवणूक. शेजारची यशोधरा दात घासता घासता थबकली. "इंदुकाकू, हे कुठलं व्रत?"

"तुझ्या सासूला विचार!" इंदुबाई म्हणाल्या, आणि त्याच झटक्यात डाव भरला. स्वप्नालीनं दारातच जाहीर केलं, "आई, तो डाव परत स्वयंपाकघरात आला तर मी माहेरी जाईन."

पाण्याचं आणखी निराळं. साऱ्या एमआयडीसीला तांब्यानं पाणी पाजणाऱ्या बाईचं भिंगरी ऐकेना. शिव्या दिल्या, ऐकेना. शेवटी खाण्यातच कोमट पाणी कालवून पातळ केलं, घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात वाडगे ठेवले. जितेश शिफ्टवरून आला की पहिलं पाऊल वाडग्यात. "घर आहे का पाणपोई?" तो म्हणायचा, आणि मोजे पिळायचा. पण गुण येत होता. लालसरपणा गेला. दुसऱ्या फोटोत हरभऱ्याचे मूग झाले. डॉक्टरीण खूश होती, पण म्हणाली, "आता जपा. आताच ते वाटेत बसायचे दिवस."

सदूनं इकडं काय केलं असेल ते सांगायला नकोच. पण त्याचीही कमाल बघा. त्या दिवशी दवाखान्यात इंदुबाई रडल्या ते त्याच्या मनाला लागलं होतं. मावशीची बदनामी करायची नाही, असं त्यानं ठरवलं. आणि गप्प तर बसवत नाही. म्हणून त्यानं गोष्ट सांगितली, फक्त तिला जरा इस्त्री केली. "मावशीनी भिंगरीला पानफुटी दिली," तो नाक्यानाक्यावर सांगत सुटला, "नि आता बघा, एकदम टकाटक! डॉक्टर पण बघत राहिली, काय!"

करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

त्या सकाळी इंदुबाई उठल्या तीच काळजी घेऊन. भिंगरीला रात्रीपासून लघवी झाली नव्हती. अंगणात नेलं, बसली, जोर केला, काही नाही. परत बसली, कण्हली, थेंबसुद्धा नाही. पोट हाताला टणक लागत होतं. स्वप्नालीनं डॉक्टरणीला फोन लावला. "लगेच निघा," एवढंच उत्तर आलं. सदूला बोलावलं. भिंगरीला उचलून, टोपली नाही, गोधडी नाही, इंदुबाई तशाच दारात आल्या.

दारात जत्रा भरली होती.

एका बाईच्या कडेवर पामेरियन. एका पोरीच्या, अक्षदाच्या, हातात साखळी आणि साखळीला वासराएवढा काळा कुत्रा. कोणी पिशवीतून मांजर आणलेलं, तिचं नुसतं डोकं बाहेर. एक म्हातारा तर बोकड घेऊन उभा. "सदू म्हनला, तुम्ही जनावराचा पन खडा पाडता," तो म्हणाला. "ह्याला खडाबिडा न्हाय, पन आधीच पाजून ठिवावं म्हनलं."

"सरका!" इंदुबाई ओरडल्या. "वाट सोडा!"

"मावशी, आमचा नंबर पहिला आहे," पामेरियनवाली म्हणाली. आणि अक्षदा म्हणाली, "आजी, मी पानं तोडली चालतील ना? सदूकाका म्हणाले बोंबलात घालायची." तिच्या मुठीत कुंडीतली पानफुटी होती, आणि दुसऱ्या हातात बोंबील.

इंदुबाईंच्या कुशीत भिंगरी कण्हली. समोर ती मूठ. त्यांना एक क्षण वाटलं, आपण काही बोलू नये, नुसतं रिक्षात बसावं आणि निघावं. नावाला धक्का लागला नसता. पोरीचा काळा कुत्रा भिंगरीकडं बघून शेपूट हलवत होता.

"टाक ती पानं!" त्या गरजल्या. अशा गरजल्या की बोकडानं दावं ओढलं. "टाक म्हनते ना! इख हाय ते कुत्र्याला! माझी भिंगरी मी मारायला टेकली होती त्या पानांनी. मी, ह्या हातानी. डाक्टरणीनी वाचवली. खडा तिच्या औषधानी इरघळतोय, माझ्या न्हाय. आनि आता तिचं मूत अडलंय नि तुम्ही माझी वाट अडवून उभे! जा, डाक्टरकडं जा सगळी! पानी पाजा जनावराला, येळच्या येळी भाईर सोडा, नि मला काय इचारू नका. मला काय कळत न्हाय त्यातलं!"

सदूनं रिक्षाच्या हँडलवर कपाळ टेकलं. बोकडवाल्या म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "मंग आमाला इतकी वर्सं तुम्ही काय दिलंत?"

"पानी दिलं," इंदुबाई म्हणाल्या. "बाकीचं खरं काय नि खोटं काय, द्येवाला ठावं. तुमचं दुखलं तर तुम्ही बी फोटो काढा."

कोणीतरी मागून फिदीफिदी हसलं. "मुतखडेवालीलाच कळत नाही!" इंदुबाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पण अक्षदानं मूठ उघडली होती, पानं चिखलात पडली होती, आणि माणसं वाट देत होती. त्या रिक्षात बसल्या.

एमआयडीसीच्या रस्त्यावर शिफ्ट सुटलेली. समोरून रिक्षा, मागून रिक्षा, मधून कंपन्यांच्या बसगाड्या, आणि सगळ्यांना घाई. सदू अंग चोरून वाट काढत होता. एकाएकी भिंगरी इंदुबाईंच्या मांडीवर वळवळली, धडपडली, आणि रिक्षा जरा थांबल्यासारखी झाली तशी खाली उडी मारून भर रस्त्यात जाऊन बसली.

इंदुबाई पदर खोचून तिच्यामागं. समोर बस, बाजूला रिक्षांची रांग, हॉर्नचा नुसता गदारोळ. भिंगरीनं जोर केला. काही नाही. परत जोर केला, अंग थरथरलं. आणि मग सुटलं. थेंब नाही, धार. चांगली मोकळी, भरघोस, थांबायचं नाव न घेणारी धार.

"थांबा रे!" इंदुबाईंनी दोन्ही हात वर केले. साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असा तो जुना आवाज परत आला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कोन पुढं आलं तर तंगडी मोडीन! होतंय माझ्या लेकराला, होऊ द्या!"

बसच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "मावशी, काय झालंय काय?"

"मुतखडा हुता तिला!"

आता हे बघा, त्या रस्त्यावर अडकलेल्यांत मुतखडा म्हणजे काय हे ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. मागच्या रिक्षातून एक जण पोटावर हात ठेवून उतरला आणि बघत उभा राहिला. हॉर्न एकेक करून थांबले. सदू रिक्षातून वाकून आपल्या मागच्याला सांगत होता, "दवाखान्यात न्यायचंच आहे, फोटो काढायचाय, खडा अजून आहे आत. डॉक्टरचं औषध चालू आहे." इस्त्री न करता सांगितलेली त्याची ती पहिली गोष्ट असावी.

धार चालूच होती. इंदुबाई हात वर करून उभ्या होत्या, आणि भिंगरीचं पुरतं होईपर्यंत कोणी गाडी पुढं काढली नाही.